वन किस बोगदा, माथेरान गिरिरेल्वे

वन किस बोगदा : रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील नेरळ–माथेरान या एकेरी, दोन फुटी (६१० मिमी) रेल्वेमार्गावरचा एकमेव बोगदा. मार्ग २२ मार्च १९०७ रोजी वाहतुकीस खुला झाला, त्यामुळे बोगद्याचे वयही तेवढेच, शंभर वर्षे उलटून गेलेले. जुम्मापट्टी आणि अमन लॉज या स्थानकांच्या दरम्यान डोंगराच्या एका सोंडेतून तो आरपार जातो. लांबी इतकी थोडी की आत शिरलेल्या गाडीला काही सेकंदांतच पलीकडचा उजेड दिसतो. तेवढ्या अंधारात जोडप्याला एकदाच चुंबन घेता येईल, अशी चेष्टा प्रवाशांनी केली आणि तेच नाव रूढ झाले. पर्यटनाच्या पुस्तिकांतही आता हेच नाव चालते. काही मराठी कुटुंबे मुलांसमोर ते सहसा न उच्चारता नुसते ‘बोगदा’ म्हणून निभावून नेतात. मार्गावर दुसरा बोगदाच नसल्याने घोटाळा होत नाही.

बोगदा ज्या डोंगराच्या पोटात आहे तो डोंगर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या लोकांना रोज दिसतो. अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीच्या बाजूने किंवा बदलापूरच्या फलाटाच्या टोकावरून नैर्ऋत्येकडे पाहिले की मलंगगडापासून निघालेली एक लांब धार नजरेस पडते. मलंगगड, ताहुली, चंदेरी, म्हसमाळ, नाखिंड, पेब म्हणजेच विकटगड आणि शेवटी माथेरानचे पठार असा तिचा क्रम. ही मुख्य सह्याद्रीची भिंत नव्हे. सह्याद्रीपासून सुटून कोकणात उतरलेली ही वेगळी रांग आहे. तिच्या पूर्वेचे पाणी उल्हास नदीला मिळते, पश्चिमेचे गाढीसारख्या नद्यांतून पनवेलच्या बाजूला उतरते. खडक दख्खनच्या लाव्हाचा, थरावर थर बसलेला काळा बेसाल्ट. माथेरानच्या माथ्यावर मात्र जांभ्याची टोपी आहे आणि तिथली लाल माती पर्यटकांच्या बुटांबरोबर मुंबईपर्यंत जाते. याच धारेवर नाखिंडच्या माथ्याजवळ वाऱ्यापावसाने कोरलेले आरपार नेढे आहे. म्हणजे या रांगेला दोन तऱ्हेची भोके : एक निसर्गाने पाडलेले, ज्याच्या वाटेला फक्त डोंगरवेडे जातात, आणि दुसरे सुरुंग लावून पाडलेले, ज्यातून गाडी जाते.

माथेरानची वसाहत या रेल्वेपेक्षा अर्ध्या शतकाने जुनी. ठाण्याचे तेव्हाचे जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये चौक गावाच्या बाजूने डोंगर चढून गेले आणि वरचे दाट झाडीचे पठार त्यांनी इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेस आणले. डोंगरात ठाकूर, कातकरी, धनगर यांची वस्ती त्याआधीही होतीच, हे ‘शोध’ म्हणताना विसरायचे नाही. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी तिथे येऊन राहायला सुरुवात केल्यावर गिरिस्थानाला आकार आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने (जीआयपी) कल्याणहून खोपोलीपर्यंतचा मार्ग १२ मे १८५६ रोजी सुरू केला आणि पायथ्याचे नेरळ मुंबईच्या टप्प्यात आले. पण नेरळला उतरल्यावर पुढची चढण तशीच उरली होती. घोडा, डोली, पालखी किंवा स्वतःचे पाय यांखेरीज उपाय नव्हता. पन्नास वर्षे हे असेच चालले.

रेल्वे बांधली ती सरकारने नव्हे, एका बोहरी घराण्याने. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईतले मोठे व्यापारी-उद्योजक. लष्कराला तंबू आणि इतर सामान पुरवण्याच्या व्यवसायात त्यांचे नाव होते. माथेरानला त्यांचे जाणे-येणे असे. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०० च्या सुमारास मार्गाची कल्पना धरली आणि १९०४ मध्ये काम सुरू केले. सल्लागार अभियंता म्हणून एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांना घेतले. अरुंद रुळांवर कॅलथ्रॉप यांचा हात बसलेला होता. सोलापूरकडची बार्शी लाइट रेल्वे ही त्यांचीच निर्मिती. खर्च सुमारे १६ लाख रुपये आला आणि तो पीरभॉय घराण्याने उचलला. आज कोट्यवधींच्या निविदांच्या बातम्या वाचणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल, पण १९०७ च्या मानाने एका खाजगी कुटुंबाने डोंगरावर केलेली ही गुंतवणूक धाडसाची होती. मोसमी पर्यटकांच्या तिकिटांवर ती कितपत भरून निघणार, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता आणि रेल्वेपुढे तो आजही आहे.

बोगदा समजून घ्यायचा तर आधी आखणी समजून घ्यावी लागते, कारण हा मार्ग मुळात बोगदे टाळण्यासाठीच आखला आहे. नेरळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटरवर, माथेरान स्थानक सुमारे ८०० मीटरवर. दोन्हींमधले सरळ अंतर जेमतेम सात किलोमीटर. त्या अंतरात रूळ थेट वर नेले तर चढ कुठल्याही साध्या इंजिनाला झेपणार नाही. म्हणून मार्ग ताणून ताणून सुमारे २० किलोमीटरांचा केला आणि सर्वांत कठीण चढ १ : २० वर आणून ठेवला, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. भोर घाटात मोठ्या रुळांवरचा चढ १ : ३७ आहे आणि तिथेही मागून जादा इंजिने लावावी लागतात. माथेरानच्या गाडीला दातेरी रूळ नाही, दोरखंड नाही. चाक आणि रूळ यांच्या नुसत्या घर्षणावर ती १ : २० चढते. दोन फुटी रुळांचा फायदा इथे कळतो. रूळ जितके अरुंद तितके वळण आखूड घेता येते. डोंगराची प्रत्येक घळ आणि प्रत्येक सोंड फोडण्याऐवजी तिच्या कडेकडेने जाता येते. दोनशेहून अधिक वळणे या मार्गावर आहेत ती यामुळे.

नेरळहून निघालेली गाडी थोडा वेळ मुंबई–पुणे मार्गाच्या शेजारून धावते, मग हर्दळ टेकडीच्या अंगाने डोंगराला भिडते. मोटाररस्ता कधी खाली, कधी वर, कधी रुळांना छेदून जातो. जुम्मापट्टीनंतर भेकराखूडचा चढ लागतो आणि पुढे माउंट बेरी. इथे कड्याने वाट अडवली आहे. अशा जागी घाटरेल्वेचे अभियंते सहसा उलट फिरण्याचे स्थानक बांधत. गाडी एका टोकाला जाऊन थांबते, इंजिन दुसऱ्या बाजूला लागते आणि गाडी उलट्या दिशेने वर निघते. भोर घाटात खंडाळ्याखाली असे रिव्हर्सिंग स्टेशन होते, ते १९२९ मध्ये नवा मार्ग काढून बंद झाले. माथेरानच्या आखणीत ते टाळले. त्याऐवजी मोठा भराव घालून घोड्याच्या नालाच्या आकाराचे वळण दिले आणि गाडी न थांबता उलटी दिशा धरते. वळणानंतर मार्ग बराच वेळ उत्तरेकडे जातो, पुन्हा स्वतःकडे वळतो, आणि या वळणावळणांच्या टापूतच सोंडेतून बोगदा काढलेला आहे. त्यापुढे खोल कापलेल्या खडकातून नागमोडी चढ, मग कड्याच्या अगदी काठाने पॅनोरमा पॉइंट, तिथून सिम्पसन टँक आणि शेवटी बाजाराजवळचे माथेरान स्थानक.

ही सगळी आखणी नकाशावर बोटाने फिरवून पाहिली की बोगद्याचे कारण आपोआप दिसते. जिथे वळसा घालायला कड्याने जागाच ठेवली नाही आणि उघडी खोदाई केली असती तर कातळाचा फार मोठा भाग उतरवावा लागला असता, तिथेच अभियंत्यांनी हात टेकले आणि भोक पाडले. वीस किलोमीटरांत ही माघार एकदाच. बोगदा म्हटल्यावर आपल्याला अभियांत्रिकीचा पराक्रम आठवतो. इथला पराक्रम मात्र बोगद्याबाहेरच्या वळणांत आहे.

आत गाडी शिरते तेव्हाची गोष्ट अगदी छोटी, पण पुस्तिकांत नीट येत नाही. डबे अरुंद, खिडक्या मोठ्या, आणि भुयाराचा छेद गाडीपुरताच. त्यामुळे काळा खडक एकदम खिडकीशी येतो. चाकांची किरकिर आतापर्यंत दरीत विरून जात होती, ती भिंतींवर आपटून दुपटीने परत येते. इंजिनाच्या धुराचा वास डब्यात कोंडतो. शाळेची सहल असेल तर एकच आरोळी उठते आणि ती संपायच्या आत गाडी बाहेर पडलेली असते. वाफेच्या इंजिनाच्या काळात याच काही सेकंदांत डोळ्यांत कोळशाचे कण जात. गाडीचा वेग ताशी १२ ते २० किलोमीटर असल्याने हा बोगदा लक्षात राहतो. लोकलच्या वेगाने गेला असता तर कोणाला कळलाही नसता.

पारसिकच्या बोगद्याबरोबर त्याची तुलना उल्हासनगर–बदलापूरचा प्रवासी मनात करतोच. ठाण्याजवळचा पारसिक बोगदा १९१६ चा, म्हणजे माथेरानच्या मार्गापेक्षा नऊ वर्षांनी धाकटा. लांबी सुमारे १.३ किलोमीटर, आत रुळांच्या दोन जोड्या. त्याआधी १८५४ पासून गाड्या डोंगराला वळसा घालून मुंब्र्याच्या बाजूने जात. पारसिकने तो वळसा वाचवला आणि कल्याणपलीकडच्या उपनगरांना जलद लोकल मिळाली. २०२२ मध्ये जलद लोकल मुंब्र्याच्या बाजूच्या नव्या रुळांवर जाईपर्यंत अंबरनाथ-बदलापूरच्या गाडीत दारात उभा असलेला माणूस तिथे मोबाइलचे नेटवर्क गेले की मान वर करी, एवढीच त्या बोगद्याची नोंद घेई. वळसा वाचवण्यासाठी काढलेला पारसिक, आणि वळसे घालूनच बांधलेल्या मार्गावर नाइलाजाने काढलेला माथेरानचा बोगदा, ही दोन टोके एकाच लोकलच्या मार्गाशी जोडलेली आहेत. भोर घाटाचे प्रकरण आणखी निराळे. १८६३ मध्ये पुरा झालेल्या त्या घाटात २५ बोगदे होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी कंत्राट पुढे नेऊन काम तडीस नेले. त्या कामावर कॉलरा आणि अपघातांत मजूर मोठ्या संख्येने मेले.

गिरिरेल्वेंच्या कुळात पाहिले तर दार्जिलिंगच्या मार्गावर एकही बोगदा नाही, तिथे गाठी आणि मागे-पुढे जाणारी वळणे आहेत. काल्का–सिमल्यावर शंभराहून जास्त बोगदे आहेत, त्यांतला बडोगचा एक किलोमीटरहून लांब. माथेरान स्वभावाने दार्जिलिंगच्या जवळचा. एकेरी मार्गाच्या बोगद्यांत महाराष्ट्रात आता मान आहे तो कोकण रेल्वेवरच्या रत्नागिरीजवळील करबुडे बोगद्याचा. त्याची लांबी सुमारे साडेसहा किलोमीटर.

या मार्गासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने चार वाफेची इंजिने पुरवली. त्यांचे वैशिष्ट्य आसांमध्ये होते. क्लाइन-लिंडनर पद्धतीच्या या रचनेत टोकाच्या चाकांचा आस पोकळ असतो आणि त्याच्या आत दुसरा आस फिरतो. त्यामुळे चाके वळणावर किंचित तिरकी होऊ शकतात आणि तरीही शक्ती सगळ्या चाकांना पोचते. ताठ आसांचे इंजिन इथल्या वळणांवर रूळ सोडून उतरले असते. या चारांतले एक इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, एक इंग्लंडमध्ये लेटन बझार्डच्या हौशी रेल्वेवर जाऊन पोचले. १९५० च्या दशकात जर्मन बनावटीची डिझेल इंजिने आली आणि १९८० च्या दशकापर्यंत वाफ पूर्ण गेली. मार्गाची मालकीही बदलली. देशभरच्या रेल्वेबरोबर हा मार्ग सरकारकडे आला आणि १९५१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य रेल्वेत गेला.

इंजिनाइतकेच महत्त्वाचे होते ब्रेक. अनेक वर्षे गाडीत हातब्रेक होते आणि ते आवळायला डब्यांवर ब्रेकवाले उभे असत. चालकाची शिट्टी ऐकून ते चाकाची मूठ फिरवत. उतारावर ब्रेक किती आवळायचा, हे त्यांच्या हाताला ठाऊक असे. मे २०१६ मध्ये डबे घसरण्याच्या दोन घटना झाल्या, सेवा थांबवली गेली, आणि पुन्हा सुरू करताना हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक बसवले गेले. दरीच्या बाजूला संरक्षक कठडेही घातले. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा बदल आधीच व्हायला हवा होता. ब्रेकवाल्यांचे कसब मात्र त्याबरोबर नोंद न होताच गेले.

घाटरेल्वेची खरी दुखणी बोगद्यात नसतात, उघड्या कड्यावर असतात. जुन्या प्रथेप्रमाणे पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज वाहतूक बंदच ठेवतात. तरीही २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीने मार्ग जागोजागी वाहून नेला आणि गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७, म्हणजे नेमके शताब्दीचे वर्ष उजाडले. २०१९ च्या पावसाळ्यात तेच झाले. त्याच मोसमात २७ जुलैला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हासच्या पुराने महालक्ष्मी एक्स्प्रेसला वेढले होते आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. खालच्या मोठ्या मार्गाची ही अवस्था असताना कड्यावरच्या लहान रुळांचे काय झाले असेल, हे सांगायला नको. नेरळपासूनची गाडी पुन्हा धावली ती २२ ऑक्टोबर २०२२ रोजी. भराव खचतो, मोरी तुंबते, वरची दरड रुळांवर येते. गँगमन फावडी-पहारी घेऊन दर पावसाळ्यानंतर ही दुरुस्ती करतात आणि ती कधीच संपत नाही.

नेरळची गाडी अशी वारंवार बंद राहण्याचा एक परिणाम बोगद्यावर झाला आहे. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे; ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला गेला. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि तिथून अमन लॉज ते माथेरान ही सुमारे तीन किलोमीटरांची शटल मिळते. आजचे बहुतेक पर्यटक याच शटलने जातात. ती मार्गाच्या वरच्या टोकाचीच असल्याने बोगदा तिच्या वाटेत येत नाही. म्हणजे ‘टॉय ट्रेन’मध्ये बसल्याचे समाधान घेऊन परतलेल्या कित्येकांनी बोगदा पाहिलेलाच नसतो. मार्गाचा खरा स्वभाव शटलमध्ये कळत नाही, असे माझे मत आहे. नेरळहून वर जायला दोन तासांहून अधिक वेळ द्यावाच लागतो.

या मार्गाशी रोजचा संबंध असतो तो डोंगरातल्या वाड्यांवरच्या आदिवासींचा. भाजीच्या पाट्या, जळणाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन वर जाणाऱ्या बायका रुळांच्या बाजूने चालताना दिसतात. मे महिन्यात स्थानकांवर करवंदे-जांभळांचे द्रोण येतात. जुम्मापट्टीला गाडी थांबली की वडापाव आणि लिंबूसरबतासाठी खिडकीतून हात बाहेर येतात. पेबला जाणारे डोंगरभटकेही वाटेत रुळांचाच आधार घेतात. पूर्वी इंजिन पाणी घ्यायला थांबे त्या वॉटर पाईप स्थानकाचे काम वाफेबरोबरच संपले, नाव राहिले.

युनेस्कोच्या जागतिक वारशात दार्जिलिंग, निलगिरी आणि काल्का–सिमला या तीन मार्गांची भारतीय पर्वतीय रेल्वे म्हणून एकत्र नोंद आहे. माथेरान त्यांत नाही. ते भारताच्या संभाव्य यादीत आहे. बाकीच्या तिघांपेक्षा हा मार्ग लांबीने फार लहान, पण खाजगी भारतीय भांडवलावर उभा राहिलेला आणि अजून मूळ आखणीवर चालणारा म्हणून त्याचा दावा हलका नाही.

जाण्यासाठी मुंबईहून कर्जत किंवा खोपोली लोकलने नेरळला उतरावे. बदलापूरहून वांगणी, शेलू आणि मग नेरळ. लहान गाडीचे फलाट मोठ्या स्थानकाला लागूनच आहेत. डबे मोजके असल्याने सुट्टीच्या दिवशी जागा लवकर संपते. बोगद्यातून चालत जाणे कायद्याने मना आहे आणि धोक्याचेही, कारण आत गाडीच्या बाजूला माणसाला उभे राहायला जागा नाही.